मामंजी, आत्याबाई आणि तुलनेचे शास्त्र

तुलना करू नये, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगतात. आणि सांगून झाले, की लगेच तुलना करू लागतात. थोरल्या सुनेची धाकटीशी, आपल्या मुलाची शेजारच्या मुलाशी, पुणेकराची नागपूरकराशी. दिवाळीच्या चार दिवसांत तर या उद्योगाला भरच येतो. फराळाची ताटे एका घरातून दुसऱ्या घरात जातात आणि प्रत्येक ताटामागोमाग एकेक निकालपत्र फिरत असते. समाजशास्त्र नावाचे जे शास्त्र आहे, ते या घरगुती उद्योगाचेच शिस्तीत वाढलेले भावंड आहे असे म्हटले, तर शास्त्रज्ञांनी रागावण्याचे कारण नाही. एमिल द्यूरकेम या फ्रेंच पंडिताने १८९५ साली या शास्त्राचे नियम सांगताना, तौलनिक समाजशास्त्र ही काही समाजशास्त्राची एक शाखा नव्हे, ते म्हणजेच समाजशास्त्र, अशा अर्थाचे विधान करून ठेवले आहे. कारण उघड आहे. रसायनशास्त्रज्ञ दोन परीक्षानळ्या घेऊन एकीत थेंब टाकतो, दुसरीत टाकत नाही आणि फरक पाहतो. समाजशास्त्रज्ञाला एखादे गाव घेऊन, यंदा येथे हुंडा बंद करून पाहू, असे म्हणता येत नाही. त्याला जग जसे आहे तसेच घ्यावे लागते, आणि एका गावाशेजारी दुसरे गाव ठेवून पाहावे लागते. ही त्याची एवढीच प्रयोगशाळा.

या प्रयोगशाळेत काम कसे चालते आणि कोठे बिघडते, हे पाहण्यासाठी मी एक मराठी बाईंचा ग्रंथ निवडला आहे. इरावती कर्वे यांना मराठी वाचक ओळखतो तो त्यांच्या ललित निबंधांमुळे आणि १९६७ साली आलेल्या 'युगान्त'मुळे. पण जगातले समाजशास्त्रज्ञ त्यांना ओळखतात ते १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या इंग्रजी ग्रंथामुळे. भारतातील नातेसंबंधांची रचना हा त्याचा विषय. म्हणजे कोण कोणाला काय म्हणते, कोणाचे कोणाशी लग्न होते, कोणाशी होत नाही, मुलगी दिल्यावर माहेर आणि सासर एकमेकांशी कसे वागतात. विषय घरातलाच, पण तो साऱ्या देशभर नेला आहे.

तुलनेची पहिली अट प्रत्येक सुगरणीला ठाऊक असते. शेजारणीची चकली खुसखुशीत झाली आणि आपली कडक झाली. का? तिची भाजणी निराळी, मोहन निराळे, तेल निराळे, आच निराळी. चार गोष्टी एकदम बदलल्या असतील, तर दोष कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. पण भाजणी तीच, तेल तेच, आचही तीच, आणि फरक फक्त मोहनाचा असेल, तर निकाल लागला. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात हीच गोष्ट भेदपद्धती म्हणून मांडली आणि लगेच बजावले, की समाजाच्या बाबतीत ती फारशी चालायची नाही. कारण सगळ्या बाबतींत सारखे आणि एकाच बाबतीत निराळे असे दोन देश सापडणार कोठे?

इरावतीबाईंचे चातुर्य येथे दिसते. त्यांचे गुरू गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९५५ साली कुटुंब आणि नाती या विषयावरच ग्रंथ लिहिला. पण त्यांनी एकच भाषाकुल घेऊन वेदकालीन आर्य, ग्रीक, रोमन अशी देशोदेशीची तुलना केली. बाईंनी उलट केले. देश एक घेतला आणि भाषाकुले अनेक. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत हिंदू समाजात जातिव्यवस्था आहे, धर्मग्रंथांचा मान आहे, शेतीवर जगणारे खेडे आहे. इतके सारखेपण हाती असताना नात्यांची रचना मात्र नर्मदेच्या वर एक आणि कृष्णेच्या खाली दुसरी. मिलला हवी असलेली जोडी अगदी तंतोतंत नसली, तरी तिच्या जवळपास जाणारी जोडी आपल्याच देशात होती. ती प्रथम एवढ्या विस्ताराने कोणी पाहिली असेल, तर बाईंनी.

'प्रथम' म्हणताना एका जुन्या माणसाचा मान ठेवला पाहिजे. बौधायन धर्मसूत्राने दक्षिणेकडच्या पाच आणि उत्तरेकडच्या पाच चाली समोरासमोर मांडल्या आहेत. दक्षिणेच्या यादीत बायकोबरोबर जेवणे, शिळे खाणे यांच्याबरोबर मामाची किंवा आत्याची मुलगी करणे आहे; उत्तरेच्या यादीत लोकरीचा व्यापार, मद्यपान, शस्त्रांवर उपजीविका आणि समुद्रगमन आहे. ज्या देशात जी चाल आहे तेथे ती चालावी, दुसऱ्या देशात दोष लागेल, हे मत तेथे नोंदले आहे. आणि ते न मानणाऱ्याचेही मत नोंदले आहे. म्हणजे तुलना आणि तिच्यावरचा वाद ही दोन्ही भावंडे आपल्याकडे बरोबरच जन्मली.

बाईंनी देशाचे चार प्रदेश केले : उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत मुलगी गावाबाहेर, दूर, शक्यतो अनोळखी घरी द्यायची. मुलगी देणारे खालचे, घेणारे वरचे. गावची लेक निराळी आणि गावची सून निराळी. लेकीने मोकळेपणाने हिंडावे, सुनेने घुंघट घ्यावा. दक्षिणेत मुलगी ओळखीच्या घरी जाते. मामाच्या घरी, आत्याच्या घरी. काही जातींत तर थोरल्या बहिणीची मुलगी धाकट्या मामाला देतात. तेथे सासू परकी नसते, तिने सुनेला परकरात पाहिलेले असते. लेक आणि सून यांच्यामध्ये तिकडे उत्तरेसारखी भिंत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये आपला महाराष्ट्र : गुजरात, राजस्थान, ओरिसा यांच्याबरोबर मध्य प्रदेशात घातलेला, पण एक पाय दक्षिणेत असलेला.

हा पाय किती खोल रुतला आहे, हे दोन शब्दांवरून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडची जुन्या वळणाची सून सासूला 'आत्याबाई' म्हणते आणि सासऱ्याला 'मामंजी'. का? कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. 'मावा' म्हणजे मामाही आणि सासराही. तेथे हे बरोबरच आहे, कारण लग्न दोन्ही बाजूंनी होऊ शकते. आता मराठी चाल पाहा. बाईंनी नोंदवल्याप्रमाणे मराठ्यांत आणि कुणब्यांत मुलग्याला मामाची मुलगी चालते, किंबहुना तिच्यावर त्याचा हक्कच समजतात. पण आत्याची मुलगी चालत नाही. हेच मुलीच्या बाजूने पाहिले, तर तिची सासू तिची खरीखुरी आत्या असू शकते. म्हणजे 'आत्याबाई' हा शब्द चालीशी जुळतो. पण सासरा मामा व्हायचा असेल, तर तिला मामाच्या मुलाशी लग्न करावे लागेल. म्हणजे त्या मुलाने आत्याची मुलगी केली असे होईल, आणि तेच तर निषिद्ध! एक शब्द चालीची साक्ष देतो, दुसरा तिच्याविरुद्ध साक्ष देतो, आणि दोन्ही एकाच सुनेच्या तोंडी.

येथे तुलनेच्या रीतीचा कस लागतो. या विसंगतीची तीन उत्तरे संभवतात. पूर्वी आपल्याकडे साटेलोटे सररास होते, मामा आणि आत्या हे एकच जोडपे असायचे, आणि चाल गेली तरी शब्द राहिला, हे एक. शब्दांची जोडी शेजारच्या कानडी मुलखातून आली आणि चाल अर्धीच आली, हे दुसरे. आणि तिसरे अगदी साधे : मामा हा आदराचा शब्द आहे, त्याला फार अर्थ चिकटवू नये, रस्त्यावरच्या पोलिसालाही आपण मामाच म्हणतो, म्हणून काही त्याच्या मुलीवर आपला हक्क पोचत नाही. शिवाय ज्या घरांतून मामाची मुलगी मुळीच करीत नाहीत, तेथेही सुना 'मामंजी' म्हणत आल्या आहेत. शब्दावरून चाल ओळखायला निघालेल्या पंडिताने हे विसरून चालणार नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हण थट्टेची खरी. पण नात्याचा शब्द कशाने ठरतो, हा प्रश्न तिच्यात आहेच.

बाईंचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १९५३ मध्ये, लुई द्युमाँ या फ्रेंच अभ्यासकाने दक्षिणेतील नात्याच्या शब्दांवर एक छोटा लेख लिहिला. त्याचे म्हणणे असे, की दक्षिणेतल्या मामाला 'आईचा भाऊ' म्हणून पाहणे हीच आपली चूक. तो बापाचा मेहुणा आहे. तेथे जमीन जशी वारशाने येते, तसे व्याहीपणही वारशाने येते. बापाचे व्याही ते मुलाचेही व्याही. हा विचार बाईंच्या ग्रंथात नाही. बाई शब्द गोळा करतात, प्रदेशवार मांडतात, महाभारतापासून लोकगीतांपर्यंतचे पुरावे त्यांच्याशेजारी ठेवतात. त्यांची नजर विस्ताराची आहे. द्युमाँची नजर खोलीची. त्याने एक कोपरा घेतला आणि तो खणला. तुलनेला दोन्ही लागतात. पण विस्तार आधी झाला नसता, तर खणायचे कोठे, हे कळले नसते.

ही रीत माणसाला कशी चकवते, याची दोन उदाहरणे बाईंच्या आधीच्या पिढ्यांत आहेत. अमेरिकेतील लुइस हेन्री मॉर्गन या वकिलाने इरोक्वाय आदिवासींचे नात्याचे शब्द गोळा केले, मग तमिळ शब्द मिळवले, आणि दोन्हींची ठेवण विलक्षण सारखी निघाली. सारखेपण खरे होते. पण १८७१ साली त्याने त्यावरून निष्कर्ष काढला तो असा, की अमेरिकेचे आदिवासी मूळचे आशियातले असल्याचा हा पुरावा होय. आशियातून ते गेले हे पुढे अन्य पुराव्यांनी सिद्ध झाले. पण नात्याच्या शब्दांनी ते सिद्ध होत नव्हते. दोन घरांत पुरणपोळी होते म्हणून ती घरे भाऊबंद ठरत नाहीत. सारख्या नियमाने लग्ने होऊ लागली, की शब्द आपोआप सारखे होतात.

दुसरे उदाहरण सासूचे आहे, म्हणून वाचकांना रुचेल. १८८८ साली एडवर्ड टायलर या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने लंडनच्या सभेत एक निबंध वाचला. सुमारे साडेतीनशे जमातींच्या चाली तक्त्यात मांडून त्याने दाखवले, की जावयाने सासूला टाळावे, तिच्याकडे पाहू नये, ही चाल जावई सासुरवाडीला राहायला जातो अशा जमातींत अपेक्षेहून अधिक आढळते. सभेचे अध्यक्ष फ्रान्सिस गाल्टन यांनी एकच प्रश्न विचारला : या साडेतीनशे जमाती साडेतीनशे स्वतंत्र साक्षीदार आहेत, की एकमेकांचे ऐकून साक्ष देणारे काही थोडेच? चाल एकीने दुसरीकडून उचलली असेल, तर ती दोनदा मोजता कामा नये. हा प्रश्न आजवर कोणाला पुरता सुटलेला नाही. बाईंच्या मध्य प्रदेशाला तर तो फारच लागू आहे. कारण आपण उत्तरेचेही ऐकतो आणि दक्षिणेचेही.

एवढ्या अंतरावर जाऊन पाहिल्यावर कोणी म्हणेल, ही पंडितांची करमणूक झाली; मामंजी म्हणा की सासरे म्हणा, जग कोठे अडले आहे? जग अडले आहे, आणि ते मुलींच्या जिवापाशी अडले आहे.

१९८३ साली टिम डायसन आणि मिक मूर या दोन अभ्यासकांनी दक्षिणेत बालमृत्यू कमी, जन्माचे प्रमाण कमी आणि मुलींचे प्रमाण अधिक का, याचा शोध घेताना उत्तर-दक्षिण नात्यांचा हाच भेद पुढे केला. परक्या घरी एकटी पडलेली सून आणि ओळखीच्या घरी आलेली सून यांच्या बोलण्याचे वजन सारखे नसते. आणि आईच्या शब्दाला घरात जे वजन, त्यावर लेकीचे दूध, औषध आणि आयुष्य अवलंबून असते. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण त्याआधीच, १९७४ साली, प्रणव बर्धन यांनी दुसरे कारण सुचवले होते : भाताची शेती. लावणीला बायकांचे हात लागतात, म्हणून भाताच्या मुलखात मुलीची किंमत राहते. गव्हाच्या मुलखात राहत नाही. आता पंचाईत अशी, की दक्षिणेत ओळखीचे सासरही आहे आणि भातही आहे. मोहन आणि भाजणी दोन्ही एकदम बदलली! येथे तिसरे घर शोधावे लागते. ते बंगालचे. तेथे नाती उत्तरेच्या वळणाची आणि शेत भाताचे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केरळात ९६४ मुली होत्या, पंजाबात ८४६, हरियाणात ८३४. आणि पश्चिम बंगालमध्ये ९५६. हे एक घर बर्धनांच्या बाजूने बोलते. एका घरावरून निकाल लावू नये, हेही खरे. पण प्रश्न नेमका झाला, हा तुलनेचा लाभ.

येथे आकडे लहान मुलींचेच घेतले, यालाही कारण आहे. सर्व वयांचे आकडे पाहिले, तर केरळात हजार पुरुषांमागे १०८४ स्त्रिया दिसतात. पण तेथले कितीतरी पुरुष आखातात नोकरीला असतात. घरातले पुरुष परदेशी गेले, म्हणून घरात बायकांचा मान वाढला असे नव्हे. ज्याची ज्याच्याशी तुलना होऊ शकते, तेच शेजारी ठेवावे. नाहीतर आकड्यांसारखा गोड बोलणारा लबाड दुसरा नाही.

आणि आता स्वतःच्या घराकडे. हरियाणाच्या आकड्यांवर मराठी माणूस मान हलवतो : तिकडचे लोक तसलेच! २०११ साली महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता. २००१ मध्ये तो ९१३ होता. बीड जिल्ह्याचा २००१ मध्ये ८९४ होता, तो दहा वर्षांत ८०७ वर आला. म्हणजे हरियाणाच्याही खाली. गर्भाचे लिंग तपासण्याविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली केला तो महाराष्ट्राने, आणि १९९४ साली त्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला. तरीही हे घडले. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची चाल परकी नाही. आत्याच्या घरी गेलेल्या मुलीची दक्षिणी सुरक्षितता तेथे का आड आली नाही? तमिळनाडूच्या सेलम भागातही बालिकाहत्येमुळे १९९२ साली सरकारला नकोशा मुलींसाठी पाळण्याची योजना काढावी लागली. याचा अर्थ बाईंचा भेद खोटा होता असा नाही. नात्यांची ठेवण ही एक भिंत आहे. सोनोग्राफीचे यंत्र, हुंड्याचा वाढता आकडा, आक्रसत चाललेले कुटुंब, या गोष्टी आल्या, की ती भिंत एकटी पुरत नाही. प्रदेशाची प्रदेशाशी तुलना केली, तर भिंत दिसते. त्याच प्रदेशाची कालच्या त्याच प्रदेशाशी तुलना केली, तर तिला पडलेले भगदाड दिसते. बाईंच्या ग्रंथात पहिली तुलना भरपूर आहे, दुसरी अपुरी आहे. महाभारत आणि आजचे खेडे यांच्यामध्ये जी दीडदोन हजार वर्षे गेली, ती त्या एका उडीत ओलांडतात.

आणखीही उणिवा सांगता येतील. प्रदेशाच्या नावाने बोलताना त्या प्रदेशातल्या काही जातींनीच सर्वांच्या वतीने साक्ष दिल्यासारखे होते. भर हिंदू समाजावर आहे. एकाच गावातील हिंदू आणि मुसलमान कुटुंबे शेजारी ठेवली असती, तर भाषा तीच, शेत तेच, बाजार तोच आणि लग्नाचे नियम मात्र निराळे, अशी मिलला आवडेल अशी जोडी मिळाली असती. आकडे थोडे आहेत. पण ज्या गोष्टीसाठी या ग्रंथाचा मान ठेवावा, ती या उणिवांहून मोठी आहे. बाई चार प्रदेश मांडतात आणि त्यांना पहिला-दुसरा क्रमांक देत नाहीत. हा संयम त्यांना फुकट मिळालेला नव्हता. तरुणपणी त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली मानवी कवटीच्या असमानतेवर प्रबंध लिहीत होत्या. गोऱ्यांची कवटी निराळी, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, अशा कल्पना तेथे हवेत होत्या आणि फिशर त्यांचा पुरस्कर्ता होता. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाप्रमाणे तसा फरक आढळत नाही, असे लिहून दिले. परदेशात, गुरूच्या कलाविरुद्ध. पुढे त्याच जर्मनीत, माणसांची प्रतवारी लावणाऱ्या शास्त्राचे काय झाले, हे जगाने पाहिले. तुलना म्हणजे प्रतवारी, असे ज्याला वाटते त्याच्या हाती हे हत्यार देऊ नये.

घरातली तुलना बहुधा निकाल आधी लावते आणि पुरावा मागाहून शोधते. थोरली सून वाईट, हे ठरलेले असते, चकली हे निमित्त. शास्त्राची तुलना निकाल लांबणीवर टाकते. ती विचारते : आणखी काय निराळे होते? या साक्षीदाराने त्या साक्षीदाराचे ऐकले तर नाही? या हिशेबात आपले घर धरले आहे ना? इरावतीबाईंच्या ग्रंथातली काही उत्तरे आता जुनी झाली आहेत. पण हरियाणाकडे बोट दाखवण्याआधी बीडचा आकडा वाचावा, एवढे ज्याला त्या रीतीतून शिकता आले, त्याला तो ग्रंथ अजून उपयोगाचा आहे.